मग लोक आले

आमच्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की अख्खं गाव त्याला बघायला येतं, आणि बघायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. कोणी बिस्किटाचा पुडा आणतो, कोणी पावभर साखर, उन्हाळा असला तर टरबूज. ते कोपऱ्यात ठेवलं, खुर्ची ओढली, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "हं, सांगा आता, कसं झालं तं." सांगितल्याशिवाय सुटका नाही. न सांगणं म्हणजे आलेल्याचा अपमान, आणि थोडक्यात सांगणं म्हणजे कंजूसपणा.

त्या वर्षी मोहफुलं वेचताना माझ्या नवऱ्याला अस्वलानं धरलं. खांदा फाडला, तोंडाची एक बाजू फाडली. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्याचा जबडा तारेनं बांधला, टाके घातले, आणि बऱ्याच दिवसांनी घरी सोडला तेव्हा त्याला नळीनं पेज पिता येत होती, बोलता मात्र येत नव्हतं. एक डोळा पट्टीच्या बाहेर, तेवढाच काय तो माणूस दिसायचा. म्हणजे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आता मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवते. कोल्ह्याची, उंदराची, हत्तीची गोष्ट रोज सांगते. सांगण्यात मला कोणी हरवायचं नाही. पहिल्या दिवशी जे अस्वल मोठ्या कुत्र्याएवढं होतं ते आठवडाभरात गोऱ्ह्याएवढं झालं. मी काठी कशी उगारली हे उभी राहून दाखवायची. बाया तोंडाला पदर लावायच्या. माझी जाऊ, जी एरवी माझ्या भाजीलाही चांगलं म्हणत नाही, ती सगळ्यांना सांगायची, "बाई नाई जी थे, वाघीण हाये वाघीण." अस्वल फारच वाढलं की खाटेवर पडलेल्या नवऱ्याचा तो एक डोळा माझ्याकडे बघून हसायचा. मी तिकडे बघायचं टाळायची.

गोष्ट अशी होती. आमच्या भागात रानातल्या मोहाच्या झाडांना घरं असतात. झाड सरकारचं, पण हे झाड कोणत्या घरानं वेचायचं आणि ते कोणत्या, हे गावाला पाठ असतं. आमच्या घराची झाडं नाल्याच्या अंगाला, जरा आत. होळी झाली की फूल गळायला लागतं आणि पहाटे जावं लागतं, कारण उशीर केला तर गाई, माकडं आणि अस्वलं आपल्याआधी जेवून जातात. त्या दिवशी रविवार होता, अंगणवाडीला सुट्टी, म्हणून मीही गेले होते. तो एका झाडाखाली वाकलेला, मी थोडी दूर दुसऱ्या झाडाखाली. अस्वल झुडपातून आलं ते सरळ त्याच्यावर. मी टोपली फेकली, काठी घेऊन धावले, पाठीत हाणली, परत हाणली, ओरडले. त्यानं त्याला सोडलं, वळून माझ्याकडे बघितलं आणि नाल्याकडे निघून गेलं. मग लोक आले. बाजेवर टाकून सडकेपर्यंत आणलं, तिथून गाडीनं आरमोरी, आरमोरीहून गडचिरोली.

एवढीच. यात खोटं काही नव्हतं, अस्वलाचं माप सोडलं तर.

लोक ऐकून जायचे, मी कप विसळायला घ्यायची. कप हातातून निसटायचे. मी म्हणायची, झोप नाही झाली. खरंच होत नव्हती. डोळा लागला की ते काळं, केसाळ धूड पुन्हा छातीवर यायचं. ते माझ्या नाही, त्याच्या छातीवर, आणि मी बघत उभी. मग उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला श्वास जाणवला की बरं वाटायचं. पुन्हा थोड्या वेळानं बोट. पुढे त्याला थोडं थोडं बोलता यायला लागलं तेव्हा त्यानं तारेतून पहिलं धड वाक्य काय म्हणावं? "जित्ता हावो. झोप आता."

त्यात मोहाचे दिवस. प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळ्या गल्लीला तो गोड, आंबूस वास. आयुष्यभर मला तो वास आवडत आला, पोटात भूक उठवणारा वास. त्या वर्षी तो नाकात गेला की मला मळमळायचं. मी दारं-खिडक्या लावून घरात बसायची. त्या उन्हात. नवरा घामानं भिजून जायचा आणि बिचारा हातानं वारा घ्यायचा.

अंगणवाडीतही तेच. एक पोट्टी दाराआड लपली आणि मी आत शिरताच "भॉक" करून अंगावर आली. रोजचाच खेळ. मी अशी किंचाळले की सगळी पोरं रडायला लागली आणि मदतनीस बाई वरणाचा डाव हातात घेऊन धावत आली. त्या लेकराला मी किती तरी बोलले. चार वर्षांचं लेकरू ते, त्याला काय कळतं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही, मग तिच्या घरी जाऊन तिला कडेवर घेऊन यावं लागलं.

आणि नवऱ्याचं तर मी जिणं हराम केलं. तो बरा होऊन राह्यला होता. जखमा भरत होत्या, टाके निघाले होते, तार निघायची होती. माणूस मजेत होता. त्याला शेतावर जायचं होतं, पारावर बसायचं होतं. मी जाऊ देत नव्हते. संडासला गेला तरी मी बाहेर उभी. तो काही म्हणायला लागला की मी म्हणायची, तुम्हाला काय कळते, तुम्ही गप्प बसा. तसाही तो गप्पच होता.

तार बघायला म्हणून आम्ही आरमोरीच्या दवाखान्यात गेलो होतो. महिना उलटला होता. तिथं आठवड्यातून एकदा मनाचे आजार बघणारी मंडळी यायची, आणि डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला त्यांच्याकडे पाठवलं. अस्वलानं, वाघानं धरलेल्या माणसाला पाठवतात म्हणे. टेबलामागं एक पोरगी बसली होती. माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसली. मुलगी माझी अहेरीला दिली आहे, तिच्या एवढ्या वयाच्या पोरींना मी बघताक्षणी हुकूम सोडते. ही गडचांदूरची होती, बाप तिथं सिमेंटच्या कारखान्यात, असं तिनं आपणहून सांगितलं. मला ते आवडलं. माणसानं आधी आपलं गाव सांगावं.

तिनं नवऱ्याला विचारलं, झोप येते का, स्वप्नं पडतात का, रानाची भीती वाटते का. तो दातांवर दात ठेवूनच म्हणाला, "मस्त झोपतो." भीती वाटते, पण जाईन. भूक लागते, पण ही पेजच देते. पोरगी हसली. तेवढ्यात बाहेर कोणी लोखंडी ट्रॉली ढकलत नेली, खडखडाट झाला, आणि मी खुर्चीवरून उठून नवऱ्याच्या पुढे उभी राहिले होते. हात पसरून. कधी उठले मलाच कळलं नाही.

ती म्हणाली, "काकू, तुमचं कसं काय?"

"माझं काय," मी म्हणाले. "मले थोडी धरलं अस्वलानं."

"काकाजीले धरलं. पण बघितलं तुम्ही."

मला राग आला. का आला ते आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणाले, मले काई झालं नाई, आम्ही रानातली माणसं, आमच्याकडे असं होतच राहते. ती वाद घालायला बसली नाही. म्हणाली, "बहुतेकांचं असं आपोआप कमी होते, काकू. काई करा नाई लागत. मी पण उगाच कोणाच्या मागं लागत नाई. पण तुमचं कमी व्हायच्या जागी वाढून राह्यलं असन तं आताच बघा लागते. आमच्या गावाले सिमेंट कालवलं की मिस्त्री लोक घाई करतात. ओलं हाये तोवर थापीनं सरकते. एकदा बसलं की मंग छिन्नी-हातोडी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो माणूस, ज्याला बोलायला त्रास होत होता, तो म्हणाला, "हिची नोंद करा."

तर असं माझं नाव लागलं. रोगी तो, आणि दवाखान्यात दर आठवड्याला जायची मी.

पहिल्या खेपेला ती म्हणाली, काय झालं ते सांगा. मला वाटलं, वा, हे तर आपलं घरचं काम. मी काठी उगारून दाखवली, अस्वल गोऱ्ह्याएवढं केलं, सगळं रंगवून सांगितलं. ती बाई ना "बापरे" म्हणाली, ना तोंडाला हात लावला. नुसती ऐकत होती. मी शेवटाला आले. "अस्वल नाल्याकडे गेलं. मग लोक आले."

"कसे आले?" तिनं विचारलं.

"पायानं आले," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे त्यांले कसं समजलं? तुम्ही बोलावलं का? फोन केला?"

एवढाच प्रश्न. पण मी पिशवी उचलली. म्हणाले, तुले गावातलं काई समजत नाई, रानात लोक असतातच. बस गाठायची म्हणून निघून आले. बस यायला वेळ होता. स्टँडवर उभी राहून मी त्या पोरीला मनातल्या मनात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. अंगणवाडीत पाहणी आहे असं कारण सांगितलं. गेले नसतेही कधी, पण घरीच तमाशा झाला.

तार निघाली होती. मी अंगणवाडीतून घरी आले तर खाट रिकामी. घरात नाही, अंगणात नाही, मागच्या बाडीत नाही. मी चप्पल न घालता त्या उन्हात गावातून धावत सुटले. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन विचारत होते, आवाज फाटलेला. शेवटी तो सापडला आमच्या शेताच्या धुऱ्यावर. बाभळीच्या सावलीत बसून शेजारच्या शेतकऱ्याशी या वर्षी कोणतं बियाणं घ्यावं यावर गप्पा मारत होता, आणि तोंडात सुपारीचा बारीक तुकडा. मी त्याला तिथंच फैलावर घेतलं. काय काय बोलले. शेजारी हळूच उठून गेला.

माझं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "अस्वलानं धरलं अन् सोडलं. तू तं सोडूनच नाई राह्यली."

तो रागानं बोलला असता तर मी आणखी चार सुनावली असती. तो दमून बोलला. मी त्याच्या शेजारी धुऱ्यावर बसले. माझे तळपाय भाजले होते, ते त्यानं आपल्या दुपट्ट्यावर घेतले. मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं की हे असंच चाललं तर हा माणूस वाचूनही माझ्या हातून जाणार. आपल्याच घरात कोंडून जाणार. पुढच्या आठवड्यात मी आरमोरीला गेले.

ती पोरगी म्हणाली, बरं झालं आलात. मागचं काही काढलं नाही. म्हणाली, आज डोळे मिटून सांगा, आणि झालं होतं असं नको, आत्ता होत आहे असं सांगा. मला हे दिसतं आहे, हे ऐकू येतं आहे, असं. भीती वाढली तर थांबायचं, पण उठून जायचं नाही, मी इथंच आहे. मी सांगत गेले. या वेळेला अस्वल आपल्या मापाचं राहिलं. अस्वल नाल्याकडे गेलं. आणि मग मी तोंड बंद केलं तर ती हळूच म्हणाली, "आता काय दिसून राह्यलं?"

मला तो पालथा दिसत होता. पानांवर रक्त. मी त्याच्याजवळ गेले. अवो, म्हणाले. अवो, ऐकता का जी. काही नाही. खांद्याला हात लावला तर हाताला गरम, चिकट लागलं, आणि तो हललाच नाही. मी समजले. झालं. मी खाली बसले आणि दोन्ही हात तिथल्या दगडावर आपटले. बांगड्या फुटल्या. सगळ्या फुटेपर्यंत आपटले. आणि हेल काढून रडायला लागले.

आमच्याकडच्या बाया नुसत्या रडत नाहीत, शब्दांनी रडतात. गेलेल्या माणसाला हाक मारून, त्याला विचारत, त्याला दोष देत, त्याचं काय काय ते सांगत रडतात. ते रडणं लांबूनही ओळखू येतं. ऐकणाऱ्याच्या हातातलं काम गळतं, कारण ते मेलेल्या माणसासाठीच असतं. माझं ते रडणं इतर झाडांखालच्या लोकांनी ऐकलं. तसे लोक आले. आले तेव्हा त्यांची प्रेत बघायची तयारी होती. एकानं याचं तोंड वळवलं तर नाकातून बुडबुडा आला.

जित्या नवऱ्याजवळ बसून मी बांगड्या फोडल्या होत्या. कुंकू शाबूत असताना त्याच्या नावानं हेल काढला होता. याहून वाईट काय करू शकते बाई? गावानं हे माझ्या तोंडावर कधी काढलं नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यात जाऊ आली, तिनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या, माझ्या मनगटावरच्या खरचटलेल्या जागा चुकवून भरल्या, आणि एक शब्द बोलली नाही. सगळ्यांनी ठरवून पांघरूण घातलं. चांगुलपणानं घातलं, मला माहीत आहे. पण मला वाटायचं, एवढं वाईट आहे की कोणी उच्चारतही नाही. आणि मी जे रडले ते वाया जाणार नाही, ते कधीतरी खरं होणार, आज नाहीतर उद्या, मी बोट धरलेलं असताना नाहीतर कप विसळत असताना. म्हणून मी पहारा देत होते.

डोळे उघडले तर पोरीनं माझ्यापुढे पाणी ठेवलं होतं. असं काही नाही झालं, असं नका मानू, ही अंधश्रद्धा आहे, असलं काही तिनं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी पुन्हा पिशवी उचलली असती. तिनं विचारलं, "त्या वेळेला काकाजी जिवंत हायेत हे सांगणारं तुम्हाला काय काय दिसून राह्यलं होतं?"

मी विचार केला. "काईच नाई."

"तुमची जाऊ तिथं असती, तिनं एवढंच बघितलं असतं, तं काय केलं असतं?"

"रडली असती," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली असती. तिचा आवाज मोठा आहे." आणि मला हसू आलं. रडता रडता हसू आलं, नाक गळत होतं, आणि ती पोरगीही हसायला लागली.

माझं सांगणं तिनं माझ्या मोबाईलवर भरून दिलं होतं. रोज ऐका म्हणाली. मी स्वयंपाकघराचं दार लावून ऐकायची. पहिल्या दिवशी अर्धं ऐकून बंद केलं आणि भात करपला. नंतर पूर्ण ऐकलं. मग असं झालं की माझाच आवाज, माझीच गोष्ट, पण ऐकताना मी भाजी चिरत असायची. एकदा तर मीच मोबाईलला म्हणाले, बाई, किती हळू सांगतेस, पुढं चल.

बाकीचंही पायरी पायरीनं. वाळलेली मोहफुलं वाटीत घेऊन बसायचं, मळमळ उतरेपर्यंत. नवऱ्यानं एकट्यानं पारावर जायचं, मग शेतावर, आणि मी मागं जायचं नाही. ती वेळ मला फार जड गेली. मी कुडाला धरून उभी राहायची. तो ठरलेल्या वेळेला परत यायचा, कधी लवकरही, कारण त्यालाही माहीत होतं मी कशी उभी असणार. नाकाखाली बोट धरणं बंद करायला सगळ्यात जास्त दिवस लागले. पण एका सकाळी उठले तेव्हा उजाडलं होतं, कोंबडे ओरडून थकले होते, आणि मी एकदाही बोट धरलं नव्हतं. तो आधीच उठून अंगणात दात घासत होता. मी तशीच पडून त्याच्या गुळण्यांचा आवाज ऐकला. फार सुख वाटलं. असं सुख बाईला दर वर्षी नाही मिळत.

अंगणवाडीतली ती पोट्टी पुन्हा दाराआड लपायला लागली. मी दचकायची, पण मग मीही "भॉक" करायची.

शेवटची पायरी झाडाची होती. मोहाला आता फळं धरली होती, रान पानानं भरलं होतं. पोरगी त्या दिवशी आपली स्कूटी घेऊन आमच्या गावाला आली, माझ्या हातची भाकर आणि आंब्याचं लोणचं खाल्लं, आणि आम्ही निघालो. ती सडकेवर थांबली. "हाकेवर हाये मी," म्हणाली, "पण जायचं तुम्ही दोघांनी."

गेलो. तो पुढे, मी मागे. झाड आपल्या जागी उभं होतं. रक्ताची पानं केव्हाच वाळून, उडून गेली होती. तो दगड होता. दगडाच्या खाचेत हिरव्या काचेचा एक तुकडा होता, तो मी बघितला आणि त्यानंही बघितला.

मी म्हणाले, "तुमाले एक सांगायचं हाये."

मी सांगितलं. सगळं. बांगड्या कशा फुटल्या, आणि त्याच्या नावानं कशी रडले, तो जित्ता असताना. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, झाडाच्या सालीकडे बघत होते.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"कोणी सांगतलं?"

"कोण सांगन? म्या आयकलं नाई का." त्याचं तोंड अजून नीट उघडत नव्हतं, एका बाजूनं बोलायचा. "पालथा पडून होतो. डोयात रगत, काईच दिसत नोतं. तुह्या काठीचा आवाज आयकला. मंग थे अस्वल ओरडलं. मंग माही शुद्ध गेली असन, जाग आली तं सारं चूप. म्या तुले आवाज द्याले गेलो तं तोंडच नोतं जागेवर. मले वाटलं, त्यानं मले सोडून तुले धरलं. तू गेलीस. तेवढं भेव मले अस्वलाचं नोतं लागलं."

मी सालीकडे बघायचं विसरले.

"मंग तू रडाले लागलीस. तुले ठाऊक तरी हाये का काय म्हणून रडत होतीस?"

मला ठाऊक नव्हतं. मोबाईलमध्ये भरलेल्या सांगण्यातही ते शब्द नव्हते.

"म्हणत होतीस, आता पाणी पडाच्या आंदी छपरावरचे कवेलू कोण फेरन माय, मले तं शिडीवर चढता येत नाई. दोन्दा म्हणलीस." तो आता हसत होता, वाकड्या तोंडानं. "म्या म्हणलो, हे कवेलूसाठी रडून राह्यली म्हंजे हिले काई झालं नाई. हे जित्ती हाये. माह्यावरच रडत होतीस, पण मले एवढं बरं वाटलं का काय सांगू. मंग म्या सुस्त पडून राह्यलो. म्हणलं, आता काई बी होवो."

"सांगितलं काऊन नाई मंग इतके दिवस?"

"तोंड बांधून होतं. अन् सुटलं तवा तू मले गोष्टीत तिथवर येऊ कुठी देत होतीस? लोक आले, म्हणे, अन् झाली गोष्ट."

मी त्या दगडावर बसले आणि हेल काढून रडले. अगदी तसंच, शब्दांनी, पार नाल्यापर्यंत जाईल अशा आवाजात. सडकेवरून ती पोरगी धावत आली, ओढणी काट्यांत अडकलेली, चेहरा पांढरा. "काय झालं काकाजी? काय झालं काकूले?"

त्यानं तिला हातानंच थांबवलं. "काई नाई झालं," तो म्हणाला. "रडू द्या जी तिले. मले आयकायचं हाये."